झीलकरी काका

परवा सोसायटीच्या कार्यक्रमात मी गिटारवर पोवाडा वाजवला आणि उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं एका श्रोत्याला. माझंच वाजवणं चालू असताना त्यानं जे केलं, त्याबद्दल.

पोवाडा तुळशीदास शाहिराचा, तानाजीचा. गायक नाही, साथीदार नाहीत, शब्दसुद्धा नाहीत; एक अकूस्टिक गिटार आणि मी. हे कशासाठी, असं घरच्यांनी विचारून झालं होतं. पटेल असं उत्तर सुचेना, म्हणून मी दार लावून सराव करत असे.

पोवाड्याची गोम अशी की चाल तोकडी आणि गोष्ट लांबलचक. कोंढाणा राहिला दूर, आधी जिजाऊ प्रतापगडावरून तो बघणार, मग राजांना बोलावून फाशांचा डाव मांडणार, डाव जिंकून गड मागणार, तिकडे रायबाच्या लग्नाची गडबड. शाहिराचं निभतं, कारण त्याचे शब्द पुढे पळत असतात. शब्द काढले की उरते तीच चाल, पुन्हा तीच, आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते की याला एवढंच येतं. बरं, चाल लिहिलेली कुठे मिळेल तर तेही नाही. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली पोवाड्यांचा संग्रह छापला, तो शब्दांचा. तिकडे चाइल्ड नावाच्या प्राध्यापकांनी इंग्लंड-स्कॉटलंडचे 305 बॅलड, म्हणजे तिकडचे पोवाडेच म्हणा, जमवले, त्यांचाही जीव शब्दांतच. वाजवणाऱ्यांचा विचार कोणीच करत नाही, ही तक्रार जुनी आहे.

तर मी सहावी तार एक सूर उतरवून 'डी'वर आणली. अंगठ्याच्या कडेनं तारांवर ब्रिजजवळ थाप, हा डफ. चौथी तार मोकळी टुणटुणत ठेवायची, हे तुणतुणं. (खऱ्या तुणतुण्याला एकच तार असते, पण ती छेडायला अख्खा माणूस देतात. मी त्या कामावर अर्धा अंगठा लावला होता.) जिजाऊ वरच्या तारांवर, शेलारमामा खालच्या, आणि वय ऐंशी म्हणून जरा सावकाश. घोरपडीसाठी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटपासून नवव्यापर्यंत सरकत जाणारं बोट. इतिहासकार घोरपड मानत नाहीत, पण ती गाळून घरी सुखरूप पोचायची माझी हिंमत नव्हती. आणि झीलकऱ्यांचं, म्हणजे शाहिरामागे सूर धरणाऱ्या साथीदारांचं, 'जी जी रं जी' बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिक्समध्ये (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेले सूर): हलकं, लांबून आल्यासारखं. खरं सांगायचं तर सगळा खटाटोप त्या जागेसाठीच होता.

स्टेजवर चढताना निवेदिकाबाई कानात म्हणाल्या, "पाच मिनिटांत आटपा हं, पुढे अंताक्षरी आहे." मी तिथल्या तिथे फाशांचा डाव कापला.

पहिलं हार्मोनिक वाजलं आणि पुढच्या रांगेतून, बहुधा दोन इमारतींपलीकडेही पोचेल अशा आवाजात आलं, "जी जी रं जी जी जी जीऽऽ!"

एक काका. सफारी घातलेले, कानावर हात ठेवून. मला वाटलं, उमाळा आला असेल, ओसरेल. पुढच्या वेळी ते उभे राहिले. तिसऱ्या वेळेपासून त्यांनी माझी वाट बघणंच सोडलं. शेलारमामा तोंड उघडायच्या आत 'जी जी'. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, ठेका पळायला लागला, आणि ऐंशी वर्षांचे शेलारमामा माझ्या अंगठ्याखाली धावत गड चढले. माझी नाजूक हार्मोनिक्स कोणाच्या कानावर पडली असतील तर ती फक्त माझ्या.

खाली उतरलो तर काका वाटच बघत होते.

"छान हो. पण घोरपड कुठे गेली?"

"होती की काका. पाचव्या तारेवर चढली ना, सर्रकन."

"ती घोरपड होती? मला वाटलं तुमचं बोट घसरलं."

"घसरवलंच होतं."

"आणि फाशांचा डाव?"

"वेळ नव्हता."

"उदेभान मेला का?"

"मेला."

"कधी?"

"तुम्ही दुसऱ्यांदा टाळ्या मागितल्या तेव्हा."

हे त्यांना लागलं नाही. लागणाऱ्यांतले ते नव्हतेच. "शब्द असते तर कळलं असतं," एवढं मात्र म्हणाले, आणि राग येतो तो इथे. कारण आसपासच्या चार जणांनी माना डोलावल्या. बिनशब्दांचं वाजवणं म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीची खुडबुड, अशीच सगळ्यांची समजूत. पोवाड्याचे पहिले दोन चौक, म्हणजे कडवी, होईपर्यंत मागच्या रांगेत "माइक टेस्टिंग चाललंय" असं कोणी म्हणाल्याचं मला नंतर आपुलकीनं सांगण्यात आलं. गाणाऱ्याच्या मध्ये कोणी गिटार घेऊन घुसलं असतं तर त्याला खाली बसवलं असतं. वाजवणाऱ्याच्या मध्ये गाणारा घुसला की त्याला स्टीलचा डबा बक्षीस देतात.

डबा काखेत मारून काका निघता निघता वळले. "पुढच्या वर्षी आपण अफजलखान घेऊ," माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "त्यात घोरपड नाही. तुम्हाला सोपं जाईल."