चिरंजीवांचं फाउंडेशन

मुलगा अकरावीत गेला आणि अजून त्याचं स्वतःचं फाउंडेशन नाही? पार्ल्यात राहून? शेजारच्या विंगमधल्या मुलीचं तर दुसरं निघालं. अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म वर्षावर आलेत, त्यात समाजसेवा दाखवायची, आणि तुमचे चिरंजीव नुसता अभ्यास करतायत!

घाबरू नका. आधी नाव ठरवा. पंख, किरण, ओंजळ, असलं काहीतरी. मग वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. तिथे 1950चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आडवा येईल, पण तो वकील बघून घेतील. अठरा पूर्ण नसलेल्याची सही करारावर चालत नाही, तेव्हा विश्वस्त तुम्ही आणि मामा. चिरंजीव 'संस्थापक'. सही तुमची, पैसा आजोबांचा, करुणा त्याची. काकांनी नवी करप्रणाली घेतलीय, तिच्यात देणगीवर सवलत नाही. त्यांच्याकडून फक्त आशीर्वाद घ्या.

घरी भांड्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी दहावीत आहे आणि तिला गणिताचा क्लास हवाय, हे त्याच्या कानावर घालू नका. घरातल्या घरात केलेल्या मदतीचं सर्टिफिकेट कोण देणार?

आता मुलं. डोंगरीच्या बालगृहाचा विचार सोडा. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार तिथल्या मुलांची ओळख जाहीर केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. म्हणजे रील नाही. मग जायचं कशाला? 1996 साली याच मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून, 1098ची हेल्पलाइन सुरू झाली. रस्त्यावरच्या पोरांचे फोन रात्री-अपरात्री उचलायचे. चांगलं काम, पण फोनचा फोटो काय काढणार?

त्यापेक्षा गोवंडीतली पालिकेची शाळा बरी. महापालिका मुलांना 27 वस्तू फुकट देते, त्यात दप्तरही असतं, हे मला माहीत आहे. तरी तुम्ही दप्तरच द्या. लोगोला जागा चांगली मिळते. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घाऊक भाव करा, छपाईत मात्र काटकसर नको. मुख्याध्यापिका बाई अडून बघतील, "दप्तरं आहेत हो, मुलींच्या संडासातला नळ तेवढा करून द्या." प्लंबरचं हजारभर रुपयांचं काम. हसून विषय बदला. नळावर लोगो कुठे लावणार? आणि चिरंजीवांनी उभं कुठे राहायचं?

कार्यक्रम अकराचा ठेवा, मुलांना साडेनऊलाच पटांगणात बसवा. पाहुणे एस.व्ही. रोडवर अडकतील, तोवर स्वागतगीत तीनदा होईल. भाषणात 'समाजाचं ऋण' एकदा तरी यावं. 'समाज' या शब्दावर पोरगा अडखळेल, घरी सवय करून घ्या.

आणि फोटो हलला तर लाजू नका. दप्तर परत घ्या, पुन्हा द्या. आमच्या भाच्याच्या फाउंडेशनच्या वेळी तिसरीतल्या एका पोरीकडून दप्तर तीनदा परत घेतलं. बिचारी जराही कुरकुरली नाही. चौथ्यांदा हात पुढे करून तिनेच विचारलं, "दादा, दप्तराकडे बघू का मोबाइलकडे? मागच्या दादांनी मोबाइलकडे सांगितलेलं."