भाकरीची कॅलरी आणि अ‍ॅपचा आकडा

सांगलीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपमधील प्रत्येक आकडा प्रयोगशाळेत मोजलेला असल्याने तो चुकत नाही, रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या की आठवड्याला अर्धा किलो वजन उतरते, आणि उतरले नाही तर खाणारा खोटे बोलतो आहे असे समजावे. हे शेवटचे विधान सर्वांत अन्यायाचे आहे.

पहिला दावा प्रयोगशाळेचा. बहुतेक आकडे थेट मोजलेले नसून हिशेबाने काढलेले असतात. पदार्थातील प्रथिने, स्निग्धांश आणि कर्बोदके यांच्या ग्रॅमना अनुक्रमे 4, 9 आणि 4 ने गुणून बेरीज केली जाते. हे गुणक अमेरिकेतील विल्बर अ‍ॅटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामातून आले असून ते मिश्र आहाराची सरासरी दाखवतात, एकेका पदार्थाचे पचन नव्हे. अमेरिकी कृषी विभागाच्या संशोधकांनी 2012 मध्ये माणसांना बदाम खाऊ घालून तपासले, तेव्हा 28 ग्रॅम बदामांपासून सुमारे 129 कॅलरी मिळत असल्याचे आढळले. गुणाकाराने येणारा आकडा मात्र 170 च्या आसपास होता. कठीण पेशीभित्तिकांत अडकलेला स्निग्धांश पचत नाही, हे त्याचे कारण. भडंगातला अख्खा शेंगदाणा आणि त्याच शेंगदाण्याचे तेल शरीराला सारखे नसतात, तेही यामुळेच.

प्रयोगशाळेचे काम झालेलेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून 528 खाद्यपदार्थांची पृथक्करणे प्रसिद्ध केली, आणि ती विश्वासार्ह आहेत. पण त्या कोष्टकात ज्वारी सापडते, तुमच्या घरची भाकरी नाही. शंभर ग्रॅम ज्वारीला साधारण 334 कॅलरी धरल्या, तर 50 ग्रॅम पिठाची पातळ भाकरी 167 ची होते आणि 90 ग्रॅमची जाड भाकरी 300 ची. अ‍ॅपमध्ये दोन्हींची नोंद ‘एक भाकरी’ अशीच होते. फोडणीत हात सैल पडून मोठा चमचाभर तेल जास्त गेले, तर सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाढतात. शिवाय अनेक अ‍ॅपमधील नोंदी वापरणारेच भरतात, आणि त्यात कच्चा तांदूळ व शिजलेला भात यांची सर्रास गल्लत होते. पीठ रोज तराजूवर तोलणाऱ्याला कालची आणि आजची तुलना निश्चितच करता येते. एवढा उपयोग मान्य करायला हवा.

राहिले ते 500 चे गणित. आठवड्याला 3500 म्हणजे अर्धा किलो, हा ठोकताळा 1958 पासून चालत आला आहे. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही कमी होतो, हे त्यात धरलेलेच नाही. त्याहून मोठी गफलत खर्चाच्या अंदाजात होते. विश्रांतीतील खर्च 1500 कॅलरी असेल, तर ‘हलकी हालचाल’ निवडल्यावर अ‍ॅप त्याला 1.375 ने गुणते आणि ‘मध्यम’ निवडल्यावर 1.55 ने, म्हणजे 2063 किंवा 2325. सकाळी कृष्णाकाठी तासभर चालून दिवसभर हळदीच्या पेढीवर बसणाऱ्या गृहस्थाने प्रामाणिकपणे ‘मध्यम’वर बोट ठेवले, तर ठरवलेल्या 500 पैकी 262 कॅलरींची तूट तिथेच नाहीशी होते, आणि त्याने तर एक घासही लपवलेला नसतो.