जळकं ऑइल चेसिस वाचवत नाही

मे महिना लागला की कोकणात एक सल्ला हमखास फिरू लागतो: ‘पिकअपच्या चेसिसला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) गॅरेजमधलं जळकं, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल मारा. पावसाळाभर गंज धरणार नाही, धुवायची गरज नाही, आधीचा गंज असला तरी चालेल.’ मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं यात सर्वाधिक नुकसान होतं.

‘ऑइल पाणी लागू देत नाही.’
काही दिवस लागू देत नाही, हे खरं. विश्वास बसतो तो त्यामुळेच. पण जळक्या ऑइलमध्ये आम्ल आणि काजळी असते, आणि त्यातली डिटर्जंट द्रव्यं पाणी दूर सारण्याऐवजी आपल्यात धरून ठेवतात. चाकांनी उडवलेल्या पाण्यात थर धुऊन जातो. उरतो तिथे लाल माती चिकटून ओल धरते. पाट्यांची (चाकांवर गाडी तोलणाऱ्या लोखंडी स्प्रिंगांची) रबरी बुशं आणि ब्रेकचे होज (रबरी नळ्या) ऑइलने फुगून मऊ पडतात, ते वेगळंच. जमिनीवर ठिबकतं ते तर कायद्यानेच घातक कचऱ्यात मोडतं.

‘धुवायची गरज नाही.’
सर्वात महाग पडतो तो हा दावा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. क्रेटमधलं खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट क्रॉस मेंबरवर (चेसिसच्या आडव्या तुळयांवर) आणि मागच्या पाट्यांच्या हँगरवर (पाट्या चेसिसला जोडणाऱ्या ब्रॅकेटवर) गळतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, म्हणून कोकणच्या पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या गाडीचं लोखंडही ओलं राहतं. वरून ऑइल मारलं तरी मीठ खाली तसंच असतं.

खेप उतरली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. मेंबरची, म्हणजे चेसिसच्या तुळयांची, निचऱ्याची भोकं वाकड्या तारेने मोकळी करा, नळी आत घाला आणि स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत सोडा. हँगर, क्रॉस मेंबरचे सांधे आणि स्टेपनीच्या वरची जागा सुटता कामा नये.

‘आधीचा गंज असला तरी चालेल.’
चालत नाही; ऑइलखाली नाही आणि रबर कोटिंगखाली तर मुळीच नाही. कोटिंगची कड सुटली की पाणी आत शिरतं, आणि वरून काळंभोर दिसणारं लोखंड आतून पापुद्रे धरतं. आधी धुऊन पूर्ण वाळवा. सुटा गंज वायर ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा. उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मग चेसिस पेंट. बंद मेंबरच्या आत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा. सायलेन्सर, ब्रेक आणि रबरावर काहीही उडू देऊ नका.

रंगापूर्वी हातोडीने हलके ठोके मारत जा. शाबूत लोखंड टणटण वाजतं. आवाज बद्द आला तर तिथे जाड स्क्रूड्रायव्हर दाबा. टोक आत गेलं किंवा पापुद्रा सुटला तर रंग थांबवा, गाडीत माल भरू नका आणि चेसिसचं काम जाणणाऱ्याकडून तो भाग कापून बदलून घ्या.