रस्ता चुकणं म्हणजे नुसता विसराळूपणा नव्हे

सध्या एक संदेश फिरतोय: ‘माणसांची नावं आणि जुन्या गोष्टी नीट आठवत असतील, तर डिमेन्शियाची काळजी नको. रस्ता चुकणं हे वयाचंच.’ हे खरं नाही, आणि यावर विसंबून तपासणी लांबणीवर पडते याचं मला फार वाईट वाटतं.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात जुन्या आठवणी बऱ्याच काळ शाबूत राहतात. आजार सहसा आधी मेंदूतल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस या भागांत शिरतो. जागेचा नकाशा तिथेच तयार होतो. याच भागांतल्या दिशा-स्थान ओळखणाऱ्या पेशींच्या शोधासाठी जॉन ओ’कीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं. म्हणून लहानपणीचा प्रसंग बारकाव्यांसह सांगणारा माणूस रोजच्या वळणावर थबकू शकतो. समोरचं दुकान ओळखीचं असतं, पण तिथून घर डावीकडे की उजवीकडे, हे काही केल्या सुचत नाही.

अनोळखी भागात गोंधळणं, गाडी कुठे लावली ते क्षणभर विसरणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्षानुवर्षांच्या वाटेवर पुन्हा पुन्हा चुकायला होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तो डिमेन्शियाच असेल असं नाही. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य किंवा काही औषधांमुळेही गोंधळ होतो, आणि त्यावर उपचार आहेत. जाताना सोबत घरचं कुणीतरी असू द्या. चुकलेली वाट पुष्कळदा त्यांच्याच लक्षात आलेली असते.