मोबाइल असला की बोटीला बाकी काही लागत नाही? खंभातच्या आखातात लागतं

आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज चार वेळा फिरून आला. त्याचं सार असं: मोठ्या जहाजांना जे उपग्रह दिसतात तेच खिशातल्या मोबाइललाही दिसतात, त्यामुळे बोटीवर वेगळ्या यंत्रांवर पैसे घालवू नका. मोबाइल एका मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. नेटवर्क नसलं तरी चालतो. नकाशावर रेघ ओढायची आणि बोट तिच्यावर ठेवायची. होकायंत्र फोनमध्ये आहेच, फोन वॉटरप्रूफ आहे, आणि अडचण आलीच तर लोकेशन पाठवायचं.

एरवी मी हे वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या भाच्याने तिघा मित्रांबरोबर एक जुनी फायबरची मोटरबोट घेतली आहे आणि दहेजहून खंभातच्या आखातापलीकडे घोघ्याला जायचा त्यांचा बेत आहे. समुद्रमार्गे साधारण ३१ किलोमीटर. "मामा, एवढ्याशा अंतराला काय लागतं? हे वाच," म्हणून तोच मेसेज त्याने मला पाठवला. मी आयुष्यभर मुलांना जमीनमोजणी शिकवली. जागा अचूक सांगणं म्हणजे काय आणि तेवढ्यावर काय भागत नाही, याच्याशी माझा रोजचा संबंध. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

एका मीटरची गोष्ट आधी. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारणपणे ४.९ मीटर त्रिज्येच्या आत जागा दाखवतो, हा जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकी सरकारनेच दिलेला आकडा. दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारे फोन २०१८ पासून बाजारात आले, ते याहून बरे. पण निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसतं, त्याचा अर्थ बहुतेकांना माहीत नसतो. अँड्रॉइडच्या हिशेबात तुम्ही त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाबाहेर असू शकता. मी बडोद्यातल्या सुरसागर तलावाच्या कठड्यावर फोन अर्धा तास ठेवून माग नोंदवला. फोन जागचा हलला नव्हता, पण पडद्यावर कोंबडीने माती उकरावी तशा रेघा उमटल्या होत्या, आणि त्यांच्या दोन टोकांत सात मीटरचं अंतर होतं. शहरातल्या मांडवीच्या अरुंद गल्ल्यांत तर ठिपका एका घरातून दुसऱ्या घरात उडी मारतो, कारण संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. समुद्रावर भिंती नाहीत, तिथे हा त्रास कमी होतो. त्या बाबतीत मेसेज खरा आहे.

गुजरातची मात्र एक खास अडचण आहे. उपग्रहांचे संदेश आयनांबरातून, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना रेंगाळतात आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना त्या थराचा जो दाट पट्टा असतो, तो आपल्या डोक्यावरून जातो. एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा फोन उपग्रहाकडून आलेल्या ठोकताळ्याने ही चूक दुरुस्त करतो, पण साधारण निम्मीच. सूर्य जोरात असण्याच्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सूर्यास्तानंतर, संदेश लुकलुकतात आणि ठिपका भरकटतो. नेमकी हीच अंधार पडताना किनाऱ्याला लागायची वेळ.

तरीही मीटरांचा वाद मी लांबवणार नाही, कारण आखातात पाच मीटरच्या चुकीने कुणी बुडत नाही.

नेटवर्कचं थोडक्यात. जीपीएस नुसतं ऐकतं, त्याला टॉवर लागत नाही, हे खरं. पण नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर ठिपका दिसेल आणि त्याचा उपयोग शून्य.

आता रेघेचा मुद्दा. हाच सगळ्यांत घातक आहे. नेहमीच्या नकाशाच्या ॲपमध्ये समुद्र म्हणजे एकसारखा निळा रंग. खाली दोन मीटर पाणी आहे की वीस, ते त्यात नाही. खोली सागरी नकाशात असते, आणि भारताचे ते नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. त्यातली खोलीसुद्धा ओहोटीच्या एका ठरलेल्या पातळीपासून मोजलेली असते. प्रत्यक्ष पाणी किती, हे भरतीचं कोष्टक पाहून त्यात मिळवायचं असतं. शिवाय खंभातच्या आखातात वाळूचे दांडे जागा बदलतात, गाळ साचत राहतो. घोघा-दहेज फेरीबोट ऑक्टोबर २०१७ मध्ये गाजावाजाने सुरू झाली आणि दहेजच्या बाजूला गाळामुळे पुरेशी खोली राहीना म्हणून बंद पडली. नोव्हेंबर २०२० पासून ती घोघा-हजिरा अशी चालते. अख्ख्या जहाजाला जे पाणी पुरलं नाही, तिथे आमची पोरं मोबाइलवरच्या रेघेच्या भरवशावर निघाली आहेत.

बडोद्याहून कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराला जाऊन आलेल्यांना भरती म्हणजे काय ते सांगायला नको. मागे तिथे मी घड्याळ घेऊन पायऱ्यांवर बसलो होतो. पाणी एक पायरी चढलं की मी वेळ टिपायचो. चौथ्या पायरीनंतर टिपणं सोडून मलाच उठावं लागलं. थोड्या वेळात शिवलिंग पाण्याखाली गेलं आणि सकाळी जिथे माणसं उभी होती तिथे लाटा होत्या. समोरच्या किनाऱ्यावर भावनगरला उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या, दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. अलंगला मोडीत काढायची जहाजं याच उधाणाच्या पाण्यावर किनाऱ्यावर चढवतात.

याचा हिशेब करून बघा. दहा मीटर पाणी सहा तासांत उतरतं, पण सारख्या गतीने नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा उतरतो, म्हणजे तासाला अडीच मीटर. आठ नॉटने (ताशी साधारण १५ किलोमीटर) ३१ किलोमीटर जायला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. नेमक्या त्या दोन तासांत निघालात, तर निघताना जिथे सहा मीटर पाणी होतं तिथे पोचेपर्यंत एकच मीटर उरेल. तेव्हाही फोन तुमची जागा बरोबरच दाखवत असेल.

हे सगळं पाणी आखातात आत-बाहेर करतं ते उत्तर-दक्षिण, आणि दहेज-घोघा वाट त्याला आडवी. प्रवाह तीन नॉटचाच धरला तरी दहा मिनिटांत बोट जवळजवळ ९२५ मीटर बाजूला जाते. रेघेवर राहायचं तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला सुमारे २२ अंश वळवून धरावी लागते. नवखा माणूस असं करत नाही. तो नाळ सतत घोघ्याकडे रोखतो, फोनवर बाण घोघ्याकडेच दिसतो, आणि बोट मात्र मोठा बाक घेत दांड्यांवरून जाते. उधाणाला प्रवाह तीन नॉटहून जास्तच असतो.

होकायंत्राबद्दलही तसंच. फोनमधलं होकायंत्र म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारी एक चिप. शेजारी स्पीकर, इंजिन, लोखंडी पेटी आली की ती चुकते. फोन लावायचा स्टँड चुंबकाचा असेल तर विचारूच नका. साधं द्रवातलं होकायंत्र बोटीला पक्कं बसवा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एखाद्या अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ते वाचायला सोपं आहे.

वॉटरप्रूफची चाचणी गोड्या पाण्यात होते. खारं पाणी पडलेल्या पडद्याला बोटाचा स्पर्श आणि थेंब यांतला फरक कळत नाही, आणि चार्जिंगच्या भोकात मीठ गेलं की फोन चार्ज होईनासा होऊ शकतो. ॲपलने आयफोन वापरायला हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो, बोटीवर तर ऊनच ऊन.

शेवटचा मुद्दा लोकेशन पाठवण्याचा. ठिपका उपग्रहावरून मिळतो, तो पाठवायला मात्र नेटवर्कच लागतं. पाठवला तरी एका माणसाला कळतो, आणि तो माणूस बडोद्यात जेवत बसलेला असतो. परवाना काढून घेतलेल्या व्हीएचएफ रेडिओवर संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनेल १६ ला हाक दिली तर आसपासची तो रेडिओ लावून असलेली प्रत्येक बोट ऐकते. रेंज असेल तोवर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावा. आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडून गेल्या. किनारा डोळ्यांसमोर होता. बडोद्यात तरी हे कुणाला पुन्हा सांगावं लागू नये.

भाच्याला मी फोन घरी ठेव म्हटलेलं नाही. सागरी नकाशा उतरवून न्या, दुसरा फोन पिशवीत बंद ठेवा, भरतीचं कोष्टक कागदावर न्या, खोली मोजायला दोरीला शिशाचं वजन बांधून ठेवा, आणि पहिल्या खेपेला दहेजचा एखादा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा जाणता कोळी, बरोबर घ्या, एवढंच सांगितलं. तांडेल त्यांनी शोधला. त्याने आधी फोन बघितलाच नाही, तारीख विचारली. अमावास्येचा दुसरा दिवस ऐकून मान हलवली. आता ते नवमीला, भांगाच्या पाण्यावर, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असताना, निघणार आहेत.