एक बादली इन्फोग्राफिक

सोसायटीच्या मीटिंगला उशिरा पोचलं की काहीतरी गळ्यात पडतं हे माहीत असूनही मी उशिरा पोचले, आणि या वेळी गळ्यात पडलं इन्फोग्राफिक. एप्रिलमध्ये ५२ टँकर आले, मेंटेनन्स वाढणार, तेव्हा लोकांना पाणी जपून वापरा म्हणून सांगायचं, पण नुसती नोटीस लावली तर तिच्यावर दूधवाल्याचं कार्ड चिकटतं. "ते चित्रं-बित्रं, आकडे-बिकडे असतं ना ताई, तसलं करा, ऑनलाइन फुकट होतं, पाच मिनिटांचं काम," असं चेअरमन काका म्हणाले. काकांना स्वतःच्या फोनचा टॉर्च बंद करायला वॉचमन लागतो.

आता तुळशीबागेत साध्या चाळणीसाठी चार दुकानं फिरणारी बाई मी, पहिलंच टूल उघडून कामाला लागेन होय? आधी तुलना. एक्सेलमध्ये तक्ता केला: फुकट आहे का, मराठी येतं का, कार्डाचा नंबर मागतं का. यादी लांबतच गेली, म्हणजे कॅनव्हा ऑस्ट्रेलियाचं, पिक्टोचार्ट मलेशियातल्या पेनांगचं, व्हेंगेज टोरंटोचं, इन्फोग्राम थेट लाटव्हियाचं, शिवाय गुगलच्या दुसऱ्या पानावरची ढीगभर. यातली मी उघडली कुठली आणि छळलं कुणी ते विचारू नका, नाव घ्यायला लाजते असं समजा.

पहिल्या टूलवर टेम्प्लेट बघताना इतकं छान वाटलं की तासभर नुसती बघतच बसले, साड्यांच्या दुकानात बसतो तशी. सगळीकडे सॅलड खाताना हसणारी माणसं आणि 'निरोगी आयुष्याच्या ७ सवयी'. एक निवडलं, इंग्रजी मथळा खोडून 'पाणी जपून वापरा' टाइप केलं, आणि बघते तर अक्षरं एकमेकांपासून फुटून उभी, शिरोरेषेचे तुकडे तुकडे, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी मध्येच तुटावी तशी. मला वाटलं माझाच कीबोर्ड बिघडला. दोन दिवस गेले. मग लेकीने येऊन सांगितलं की टेम्प्लेटवाल्याने इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलंय, ते शून्य कर. केलं. शिरोरेषा जुळली, तर आता दोन ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराच्या डोळ्यात.

फॉन्टची वेगळीच गंमत. यादीत तीनेकशे नावं, मी एकेक लावून बघतेय आणि मराठी अक्षर काही केल्या बदलत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना देवनागरी येतच नाही, मग सगळ्यांच्या वतीने एकच कुणीतरी येऊन उभा राहतो. मराठी येणारे थोडेच, मुक्ता, बालू (हे दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांचे), पॉपिन्स वगैरे. बालू गुबगुबीत आहे, मला आवडला, बादलीसारखाच दिसतो.

दुसऱ्या टूलवर तक्त्यातून आपोआप चार्ट होतो म्हणे. जानेवारी ११, फेब्रुवारी १९, मार्च ३४, एप्रिल ५२ असे टँकर भरले आणि खांब काही उगवेनात. चारही महिने जमिनीला टेकलेले. म्हणजे आमच्याकडे टँकर आलेच नाहीत! रात्री साडेअकराला उमगलं की मी ५२ मराठी आकड्यांत लिहिलंय आणि त्याच्या लेखी तो आकडाच नाही, नक्षी आहे. इंग्रजी आकडे टाकले तसे खांब टणाटण उभे राहिले. तक्त्यात मी नवा रकाना वाढवला: राग किती आला.

तिसऱ्यावर पाय चार्ट केला. कुठल्या कामाला किती पाणी याचे मी अंदाजे टक्के लिहिले, बेरीज ११४ आली, आणि त्याने हूं की चूं न करता गोल काढून दिला. १८०१ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसाने पहिला पाय चार्ट छापला तेव्हा त्याने हातानेच काढला असणार, निदान बेरीज तरी केली असेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये युद्धापेक्षा रोगांनी जास्त सैनिक मेले हे दाखवायला जवळपास असलाच गोल चार्ट केला, तोही लॉगिन न करता. मी पाय चार्ट काढून टाकला. त्याचा पायगुणच बरा नव्हता.

"आई, तू पोस्टर करतेयस की टूल्सवर पीएचडी?" लेक म्हणाली. खरं होतं. पोस्टर कोरं आणि तुलनेचा तक्ता मात्र नऊ रकाने, रंगीत.

मग पहिल्याच टूलवर परत गेले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, ते मोठ्या अक्षरात टाकलं, शेजारी बादल्यांची रांग काढायची ठरवली, एक बादली १५ लिटर, म्हणजे बरोब्बर नऊ. आणि बादली मिळेना. 'बादली' टाइप केलं तर ढग आले. 'बकेट' टाइप केलं तर समुद्रावर वाळू खेळायची फावडंवाली बादली, नाहीतर बर्फात बाटली खुपसलेली हॉटेलातली. हंडा नाही, तांब्या नाही, प्लास्टिकचा मग तर नाहीच. बाथटब चाळीस प्रकारचे. शेवटी हॉटेलातली बादली घेतली आणि बाटलीवर पाण्याचा मोठा निळा थेंब ठेवून ती झाकली. नऊ बादल्या, नऊ थेंब. इतकं सुंदर दिसत होतं की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

डाउनलोड दाबलं तर सगळ्या पानावर वॉटरमार्क. बादली फुकट होती, थेंब पैशाचा होता! पाणीच विकत, म्हणजे आमच्या सोसायटीसारखंच. रात्रीचा एक वाजलेला, डोळे चुरचुरत होते, मी पटापट नऊही थेंब उडवले, पीडीएफ उतरवली, झेरॉक्सवाल्याला पाठवली आणि आडवी झाले.

सकाळी वॉचमनने ए-३ प्रिंट आणून लिफ्टशेजारी लावूनही टाकली. मी दुपारी खाली उतरले. 'पाणी जपून वापरा', खाली बर्फाने भरलेल्या नऊ बादल्या, प्रत्येकीत एक शॅम्पेनची बाटली, आणि त्याखाली ठळक बालूमध्ये 'माणशी १३५ लिटर'.

ग्रुपवर तोवर सतरा अंगठे आले होते. खाली ३०४ वाल्यांचा मेसेज: किती वाजता जमायचंय? आम्ही चौघं आहोत, बर्फ आणू का?