ओळखीचा फोन आणि दोन तास

काल गटारी झाली. आज सकाळी फोन हातात घेतला तर दहावीच्या ग्रुपवर मेसेजचा खच. पोटात गोळाच आला, कुणी गेलं की काय! तसं काही नव्हतं. आमच्यातला एक जण रात्री नाकाबंदीत सापडला होता. मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा मर्यादेच्या बराच वर, गाडी चौकीवर. आणि अख्खा ग्रुप रात्रभर जागा. "ट्रॅफिकला कुणी आहे का ओळखीचं?" "माझ्या मेव्हण्याचा साडू पीआय आहे, थांब जरा." "साहेबांशी बोलणं झालंय, टेन्शन घेऊ नको भावा." एरवी ह्याच ग्रुपवर कुणाच्या आईसाठी रक्त हवंय असं टाकलं की दोन अंगठे आणि एक हात जोडलेला इमोजी येतो.

एका शहाण्याने सल्लाही दिला, पुढच्या वेळी फुंकायचंच नाही, सरळ नाही म्हणायचं, ते काही करू शकत नाहीत. करू शकतात रे बाबा. मोटार वाहन कायद्यात लिहिलंय की सबळ कारण नसताना तपासणीला नकार दिलास तर तो नकारच तुझ्याविरुद्ध धरता येतो. पण हे वाचणार कोण? आपल्याकडे कायदा वाचण्यापेक्षा मेव्हण्याचा साडू शोधणं सोपं.

माझ्या जवळच्यांना नाना माहीत आहेत. नाना म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. सांगलीकडे दुधाचा रतीब होता त्यांचा, पहाटे गाडीला कॅन लावून निघायचे. एका पहाटे लग्नाच्या वरातीतून परतणाऱ्या गाडीने त्यांना उडवलं. उजवी मांडी मोडली. चालवणारा पोरगा पळालाही नाही, कारण त्याला पळण्याइतकं उभंच राहता येत नव्हतं. लोकांनी धरून ठेवला. वास दहा पावलांवरून येत होता असं तिथला चहावाला आजही सांगतो.

मग कुणीतरी कुणाला तरी फोन केला.

त्या पोराचं रक्त घेतलं गेलं दुपारी. तोवर आंघोळ, नाश्ता, लिंबू सरबत सगळं झालेलं. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. दारूचं कलम गळालं आणि उरलं ते निष्काळजीपणे गाडी चालवणं, गंभीर दुखापत. जुन्या भारतीय दंड विधानातली २७९ आणि ३३८. दोन्हींना कैदेऐवजी नुसता दंड चालायचा, आणि तो जास्तीत जास्त प्रत्येकी हजार रुपये. तेवढा भरला आणि तो मोकळा झाला. नानांच्या मांडीत घातलेल्या रॉडची किंमत त्याहून कितीतरी जास्त होती. रतीब बंद झाला. आत्या पोळ्या करून द्यायला लागली.

म्हणून सांगते, "फक्त एक फोन केला, त्यात काय" असं म्हणू नका. कायद्यात ह्यासाठी दोन तास दिलेत. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमाखाली दारू पिऊन चालवणाऱ्याला अटक केली की दोन तासांत त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागतं. कारण दारू पुरावा म्हणून बसून राहत नाही, तासातासाने उतरते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर असली की गुन्हा. सकाळ होईपर्यंत थांबलं की तो आकडा आपोआप खाली येतो. कुणाला लाच द्यायला नको, साक्षीदार फोडायला नको. नुसता वेळ काढायचा. आणि वेळ काढायला फोनच तर लागतात, "साहेब जरा थांबा, येतोच आम्ही."

वरळीला ७ जुलै २०२४ ला स्कूटरवरून घरी निघालेल्या कोळी नवराबायकोला गाडीने धडक दिली, बाई गेली. आरोपी सापडला दोन दिवसांनी. दोन दिवसांनी रक्तात काय डोंबल सापडणार? त्याच्या आधी मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनियर गेले, चालवणारा सतरा वर्षांचा. जामिनासाठी त्याला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध सगळ्यांच्या लक्षात आहे, आपण त्यावर भरपूर मीम केले. मला राग निबंधापेक्षा ससून रुग्णालयाचा आलेला. रक्ताचा नमुनाच बदलला असा आरोप पोलिसांनी केला, डॉक्टरांना अटक झाली. निबंध एका बाल न्याय मंडळाने लिहायला सांगितला. नमुन्यासाठी किती जणांनी एकमेकांना फोन केले असतील?

आणि जिथे रक्त वेळेवर घेतलं जातं तिथे काय होतं तेही बघा. २००६ साली वांद्र्याच्या कार्टर रोडला फुटपाथवर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. त्या प्रकरणात रक्ताचा आकडा कागदावर होता, ११२. त्यामुळे नुसत्या निष्काळजीपणावर भागलं नाही, सदोष मनुष्यवध लागला आणि सुप्रीम कोर्टाने २०१२ साली तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. सात माणसांना तीन वर्षं, हे मला आजही पचत नाही. पण निदान लागली. नानांना उडवणाऱ्या पोराला तेवढंही नाही.

हो, पोलिसही चिरीमिरी घेतात. मान्य. आमच्या तालुक्याच्या गावात रात्री दहानंतर रिक्षा मिळत नाही, तेही मान्य. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. दहा हजार म्हणजे रिक्षावाल्याची महिन्याची कमाई आणि आपल्या ग्रुपमधल्या निम्म्यांच्या एका पार्टीचं बिल. हे चूकच आहे. पुढे?

मध्येच काल सापडलेल्या त्या मित्राच्या बायकोचा फोन आला म्हणून लिहिणं थांबवलं होतं. रडत होती. तो औषध कंपनीत आहे, दिवसभर गाडीवर फिरतीचं काम. लायसन निलंबित झालं तर कसं करायचं, मुलीची फी भरायचीय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून ओळखते त्याला, माणूस वाईट नाही. तिला म्हटलं, एजंटच्या नादी लागू नका, कोर्टात जाऊन कबूल करा, दंड भरा. पहिल्या वेळी सहसा दंडावर भागतं. काही महिने बसने फिरेल. आज कुणाला लागलं नाही हे नशीब समज. लागलं असतं तर विमा कंपनीने गाडीचा एक रुपया दिला नसता, आणि समोरच्याला भरपाई द्यावी लागली असती ती नंतर तुमच्याकडूनच वसूल केली असती. ती "बरं ताई" म्हणाली. आवाजावरून तरी पटलेलं वाटलं.

आणि आत्ता, हे टाइप करतानाच, ग्रुपवर आलं: "मिटलं रे! सीटबेल्टची पावती फाडली फक्त. श्रावण संपला की बसू."

खाली टाळ्या. हार्ट. "भाऊंची वट आहे."

वट! त्या पहाटे त्या पोरासाठी फोन करणाराही कुणी गुंड नसणार. त्याच्याच दहावीच्या ग्रुपमधला कुणी सज्जन असणार, मित्राच्या काळजीने उठून बसलेला. नानांना त्याने कधी पाहिलंही नसेल. आत्याच्या पोळ्याही कदाचित त्याच्याच ऑफिसच्या डब्यात जात असतील.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलंय की श्रावणानंतरच्या बैठकीला मी येणार नाही. दोघांनी "चिल यार" म्हटलंय. एकीने वेगळा मेसेज करून विचारलंय, तुझ्या नवऱ्याचं झालं असतं तर? तर तिला इथेच उत्तर देते. नवऱ्याचं झालं असतं तरी मी फोन केला नसता. डबा घेऊन चौकीवर गेले असते, रक्त घेईपर्यंत बाकावर बसले असते. ही पोस्ट तोही वाचतो. वाचू दे.